‘घर खावक येता’ म्हणजे नेमकं कधी?

वाचकांचे प्रश्न

जून लागला की मला येणाऱ्या पत्रांचं वळण बदलतं. एरवी पाकिटातून सासू-सून, मुलाचा मोबाईल, नवऱ्याची दारू, म्हातारपणाचं एकटेपण निघतं. निकालाच्या दिवसांत मात्र निम्म्या पत्रांत एकच विचारणा असते: ‘ताई, मलाही तुमच्यासारखं काम करायचंय, काय शिकू?’ गेली वीस वर्षं मी सिंधुदुर्गात समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न वाचला की मला फार बरं वाटतं आणि काळजीही वाटते. म्हणून या वेळचं सदर त्याच पत्रांना दिलं आहे. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

‘मी देवगडजवळच्या गावातली. यंदा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पहिला वर्ग मिळाला. समुपदेशक व्हायचं आहे. कुणी म्हणतं एम.ए. कर, कुणी म्हणतं एम.एस.डब्ल्यू., एका मॅडमनी सांगितलं एम.फिल.शिवाय काही खरं नाही. एक क्लास सहा महिन्यांत प्रमाणपत्र देतो, फी पस्तीस हजार. बाबांची थोडी कलमं आहेत, यंदा मोहोर गळला. दोन वर्षं मुंबईत राहायचा खर्च एकदम निघणार नाही. कुठून सुरुवात करू?’

आधी त्या क्लासचं. पैसे भरू नकोस. भरायचेच असतील तर त्याआधी त्यांना फोन करून दोन गोष्टी विचार. सहा महिन्यांत मी प्रत्यक्ष किती माणसांसमोर बसणार? आणि मी बसले असताना काय बोलले, काय चुकले हे कोण तपासणार? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तुझ्या बाबांचे पस्तीस हजार वाचले असं समज. कलमाला खत घालायला होतील.

आता वाटा नीट समजून घे, कारण तुला सल्ला देणारी सगळी माणसं वेगवेगळ्या गावांचे रस्ते सांगतायत. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे आधी एम.बी.बी.एस. आणि मग त्या विषयातलं एम.डी. वगैरे केलेले डॉक्टर. औषध लिहिणं हे त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मनाच्या आजारांची तपासणी, चाचण्या आणि मानसोपचार करतात, आणि त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आपण ज्याला आरसीआय म्हणतो तिथे, नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. एम.ए.नंतर दोन वर्षांचा एम.फिल. ही तिथे पोचायची आजवरची ठरलेली वाट होती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. या विषयाला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सवलत दिली, तीही २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत. तेव्हा तुझ्या मॅडमचा सल्ला मनापासूनचा असला तरी जुना झालाय. त्याच्या जागी परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले आहेत. त्या वाटेने जायचं असेल तर कुठल्या संस्थेला मान्यता आहे ते परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत तू स्वतः, नाव शोधून, बघ. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस.

तुला हवी आहे ती तिसरी वाट, समुपदेशकाची. त्यासाठी मानसशास्त्रात पूर्णवेळ एम.ए. आणि त्यात समुपदेशनाचा विशेष अभ्यास. आपला जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. कलिन्याला विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते, तिचा अर्ज निकालाची वाट न बघता आदल्या हिवाळ्यातच भरायचा असतो. आपल्याकडची मुलं इथेच मार खातात. गुणांची कमी नसते, तारीख निघून गेलेली असते.

एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, कुणी कमी लेखत असेल तर ऐकू नकोस. रुग्णालयं, कुटुंब न्यायालयं, व्यसनमुक्ती केंद्रं इथे समुपदेशनाच्या जागांवर एम.एस.डब्ल्यू. झालेली माणसं खूप आहेत, आणि मी पाहिलेल्या उत्तम समुपदेशकांपैकी दोघी त्याच वाटेने आल्या. स्वतःला एवढंच विचार: समोरच्या एका माणसाबरोबर बंद दाराआड बसून त्याच्या मनात उतरायला तुला जास्त ओढ वाटते, की त्याचं रेशनकार्ड, त्याचा भाऊ, त्याचा मुकादम, त्याच्या पोराची शाळा हे सगळं मिळून हलवायला? पहिलं असेल तर मानसशास्त्र, दुसरं असेल तर समाजकार्य. दोन्हीत काम माणसांचंच.

आणखी एक कायदा माहीत असू दे, २०२१ चा. आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा हा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही आहेत. म्हणजे आजवर कुणीही दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी ठोकत आलं, ते दिवस सरत जाणार. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा तुझ्या पदवीत प्रत्यक्ष कामाचे तास किती होते हे विचारलं जाईल. म्हणूनच सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर मी इतकी तुटून पडले.

पैशांचं उत्तर माझ्याकडे सोपं नाही. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फीसवलत आणि शिष्यवृत्तीच्या योजना आहेत, त्यातल्या तुला लागू होणाऱ्या कोणत्या ते तालुक्याच्या सेतू केंद्रात बसून एकदा पूर्ण तपास. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी कर, नंतर नव्हे. आणि एक वर्ष थांबलीस तरी काही बिघडत नाही. ते वर्ष देवगडात शिकवण्या घे, परीक्षेची तयारी कर, पैसे साठव. बावीस वर्षांच्या मुलीसमोर पन्नाशीचा माणूस आपलं घर उघडं करतो तेव्हा एका वर्षाने वाढलेलं वय उपयोगी पडतं.

हे सांगण्यामागे माझी स्वतःची एक गोष्ट आहे. एम.ए. झाले आणि लगेच एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची समुपदेशक म्हणून कंत्राटावर लागले. मोफत औषधं २००४ साली सुरू झाली होती, पण तीही आधी मोठ्या शहरांत. पहिल्याच महिन्यात एक ट्रकड्रायव्हर आला, तिशीचा. रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी पुस्तकात शिकले होते ते सगळं त्याला सांगितलं, वीस मिनिटांत, न अडखळता. आजार म्हणजे काय, कसा पसरतो, बायकोची तपासणी, मुंबईचं औषध, आहार. तो मान हलवत होता. शेवटी ‘बरां’ म्हणाला, चप्पल घातली आणि गेला. परत कधीच आला नाही. दिलेल्या पत्त्यावर तो राहत नव्हता. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की आत्ता या क्षणी तुमच्या मनात काय चाललंय.

माझं काम बघायला तिथे कुणीही नव्हतं. चूक झाली हेसुद्धा मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा मी मुंबईतल्या एका ज्येष्ठ बाईंकडे महिन्यातून एकदा जायला लागले. शुक्रवारी रात्री कणकवलीहून गाडी, सकाळी दादर, दोन तास त्यांच्यासमोर वही उघडून बसणं, रात्री परत. पगारातला मोठा हिस्सा तिकिटात आणि त्यांच्या फीमध्ये जायचा. त्या बसण्याला सुपरव्हिजन म्हणतात. तू कुठेही प्रवेश घे, पण तिथल्या शिकणाऱ्या मुलींना गाठून विचार, ‘तुमचे सुपरव्हायझर तुम्हाला आठवड्याला किती वेळ देतात?’ पहिल्या नंबराच्या संस्थेत उत्तर ‘कधीतरी’ असेल आणि तिसऱ्या नंबराच्या संस्थेत ‘दर बुधवारी एक तास’ असेल, तर तिसरी घे.

‘गुहागर तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे, नोकरीची २२ वर्षं झाली. मुलं माझ्याकडे मन मोकळं करतात. घरबसल्या दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करून शाळेतच समुपदेशन करावं असा विचार आहे. योग्य होईल का?’

सर, तुमची इच्छा मोलाची आहे, पण ती वाट आता नाही. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. आधी प्रवेश घेतलेल्यांना पूर्ण करता येतं, नव्याने घेता येत नाही. कुणी अजूनही ‘घरबसल्या एम.ए.’ची जाहिरात करत असेल तर सावध राहा. कोकणातल्या नोकरी करणाऱ्या, संसार असलेल्या कित्येक बायकांसाठी तीच एक वाट होती, त्यामुळे हा निर्णय वाचून मला वाईटही वाटलं. तरी मी त्याच्या बाजूची आहे. पोहणं पत्राने शिकवता येत नाही, तसंच हे.

पण तुमच्याकडे मुलं येतात, आणि पदवी नाही म्हणून त्यांना दाराबाहेर उभं ठेवायचं नाही. तुम्ही ऐका. ऐकायला परवानगी लागत नाही. फक्त काही गोष्टी पक्क्या करून ठेवा.

सगळ्यात मोठी ही. आठवीतली मुलगी तुम्हाला म्हणते, ‘सर, कुणाला सांगणार नाही ना?’ आपल्या तोंडून चटकन निघतं, ‘नाही गं, सांग.’ हे वचन देऊ नका. तिने पुढच्या वाक्यात कुणी अंगाला हात लावल्याचं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मग एकतर तुम्ही कायदा मोडता, नाहीतर तिला दिलेला शब्द. आणि त्या वयातल्या पोरीचा एकदा एका मोठ्या माणसाने विश्वास मोडलेलाच असतो. म्हणून आधीच सांगायचं: ‘तू सांगशील ते मी जपून ठेवीन. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत आणावी लागेल, आणि कुणाला सांगतोय ते मी आधी तुला सांगेन.’ मुलं हे ऐकून गप्प होतील अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. खरं बोलणारा माणूस त्यांना लगेच ओळखू येतो.

जीव द्यायचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला एकटं घरी सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहे का तेही बघून या, तिथल्या समुपदेशकाला एकदा शाळेत बोलवा, चहा द्या, ओळख करून घ्या. ओळखीच्या माणसाकडे मूल पाठवणं सोपं जातं.

आणि तुमच्या मनात खरोखरच पूर्णवेळ हे करायचं असेल, तर पन्नाशीनंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन एम.ए.ला बसलेले माझ्या ओळखीत आहेत. फार चांगलं काम करतात.

‘आम्ही हर्णैचे, मासेमारीचा धंदा. मुलगी हुशार आहे, पण सायकॉलॉजीत एम.ए. करायचं म्हणते. रात्रंदिवस वेड्यांची दुःखं ऐकून तिच्याच डोक्यावर परिणाम होणार नाही का? आणि लग्नाच्या वेळी काय सांगायचं?’

दादा, तुम्ही बाप म्हणून विचारताय ते मला कळतं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव घेऊन लहानपणी आपल्याला सगळ्यांनाच घाबरवलंय, ‘रत्नागिरीला पाठवीन’ म्हणून. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक आपल्या वाट्याला आलं आणि गावाचं नावच शिवी झालं. पण तुमच्या मुलीकडे जी माणसं येतील ती बहुतेक तुमच्या-माझ्यासारखी असतील. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर सर्वेक्षण केलं. शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. पावसाळी बंदीत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्या की माझ्याकडे खलाशांच्या बायका यायला लागतात. नवरा दिवसभर घरात, हातात काम नाही, कर्जाचा हप्ता थांबलेला, दारू वाढलेली. यातला कुणीही वेडा नाही. त्यांच्याशी कुणीतरी नीट बोलायला हवं असतं एवढंच.

तिच्या डोक्यावर भार येईल, हे खरं आहे. तो कसा उतरवायचा हेही त्या शिक्षणात शिकवतात. आणि लग्नाच्या वेळी सांगायचं की मुलगी एम.ए. झाली आहे, लोकांच्या कामी येते. ज्या घराला याची लाज वाटेल त्या घरात तिला देऊ नका.

‘मुंबईत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव कुडाळ तालुक्यात. सुट्टीत गावी आले की शेजारच्या काकी विचारायला येतात. त्यांच्या सुनेला झटके येतात, रात्री उठून बसते, बडबडते. त्यांनी देवळात कौल लावला, आता एका भगताकडे नेतात. वर्गात शिकवलेलं सांगितलं तर काकी दुखावतात. काय करू?’

पहिलं, तू तिची समुपदेशक होऊ नकोस. शेजारीण आहेस, शेजारीणच राहा. गावात सगळेच कुणाचे तरी कोण असतात, त्यामुळे ही रेघ आपल्यालाच ओढावी लागते. माझ्या खोलीत येताना लोकांना कुणी पाहू नये म्हणून मी जागा घेतानाच मागे दुसरं दार असलेली घेतली, शेजारी दातांचा दवाखाना. तरीही कणकवलीची माणसं कुडाळला जातात आणि कुडाळची माझ्याकडे येतात.

कौलाबद्दल काकींशी वाद घालू नकोस. देवासमोर गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा काय होतं ते तू लहानपणापासून बघितलंयस. तो आधी घरच्यांचं ऐकून घेतो. मग नाव-गाव घेऊन, ज्याची त्याची अडचण मोठ्याने, देवाच्या कानावर घालतो, आणि भोवतीची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आपली अडचण चारचौघांत बोलली गेली आणि सगळ्यांनी हुंकार भरला, याने त्या घराला जो धीर येतो तो खरा असतो. तो काढून घेण्याचं काहीच कारण नाही.

भगताचं मात्र वेगळं आहे, तिथे नीट चौकशी कर. तो मारतो का? धुरी देतो, उपाशी ठेवतो, बांधून घालतो का? असं काही असेल तर अंगातलं भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. तिथे शेजारधर्म बाजूला ठेवून पोलिसांना कळवायचं.

असं काही नसेल तर काकींना एकच गोष्ट पटवून दे: कौल राहू दे, पण डॉक्टरला एकदा दाखवू. ‘झटके’ म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही, मला इथून ठाऊक नाही. ती फीट असू शकते, बाळंतपणानंतरचं काही असू शकतं, मनाचं असू शकतं. बाळ लहान असेल तर उद्याच न्या, थांबू नका. जिल्हा रुग्णालयात ओरोसला मानसिक आरोग्याच्या ओपीडीचा वार विचारून घे आणि बसने सोबत जा. माझ्या पाहण्यात आहे की ‘नको’ म्हणणारी माणसं सोबत कुणीतरी येतंय म्हटल्यावर निघतात. अडसर पुष्कळदा श्रद्धेचा नसतोच, केसपेपर कुठे काढायचा याच्या भीतीचा असतो.

‘सावंतवाडीची आहे, मुंबईत एम.ए. करते, सध्या एका रुग्णालयात इंटर्नशिप. सोबत माझ्या एका सेशनची पानं पाठवतेय. क्लायंट आपल्याकडच्याच एक वयस्कर आजी. मी सगळं बरोबर केलं असं मला वाटलं, पण सुपरव्हायझर म्हणाल्या, “तू ऐकलंच नाहीस.” मी रात्रभर रडले. मला जमणार नाही असं वाटतं. तुम्ही वाचून सांगाल का?’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सोबतची पानं वाचली नाहीत, पहिल्या ओळीवरून काय आहे ते कळताच घडी घालून ठेवली. त्याचं कारण शेवटी सांगते.

तुझ्या आजींऐवजी मी माझ्या वहीतलं एक पान दाखवते. ओळख पटेल असं सगळं त्यातून बदललेलं आहे. सुपरव्हिजनसाठी आम्ही सेशन आठवून शब्दशः लिहायचो, डाव्या बाजूला क्लायंट, उजव्या बाजूला आपण. तुम्ही त्याला वर्बेटिम म्हणता. गणपती होऊन गेल्यावरचा आठवडा होता. दरवर्षी त्या आठवड्यात माझ्याकडे वयस्कर आया येतात. चाकरमानी परत गेलेले असतात, मखर अजून काढलेलं नसतं आणि घरात दोन माणसांचं जेवण रांधायचं असतं. तशाच एक बाई, साठीच्या. डाव्या बाजूला लिहिलंय:

‘झील मुंबयक गेल्यापासून घर खावक येता.’

उजव्या बाजूला मी: ‘तुम्हाला एकटं वाटतं. रोज संध्याकाळी थोडं चालत जा, भजनाला बसत जा, मन रमेल.’

डाव्या बाजूला: ‘व्हय.’

पुढे चार ओळी अशाच. मी सुचवतेय, त्या ‘व्हय’ म्हणतायत. माझ्या मुंबईच्या ज्येष्ठ बाईंनी लाल पेनाने माझ्या त्या वाक्याला गोल केला नाही. त्यांनी ‘खावक येता’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं: ‘कधी?’

तेवढंच. मला कळेना. मग त्या म्हणाल्या, घर दिवसभर खातं की ठरावीक वेळी? कुठली खोली खाते? तू विचारलंस का? तू ‘एकटं वाटतं’ म्हणालीस, तो तुझा शब्द. तिचा शब्द ‘खावक येता’. तू तिचा शब्द घेतलास आणि त्याच्या जागी तुझा ठेवलास, आणि लगेच औषधही दिलंस.

पुढच्या वेळी मी विचारलं, ‘घर खावक येता म्हणजे नेमकं कधी?’ त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाहेर एसटी आली आणि गेली. मग म्हणाल्या, ‘दिवेलागणीक. तेचो फोन तेवाच येवचो.’ आणि रडल्या. फोन दोन वर्षांपूर्वी बंद झाला होता, मुलगा बोलतच नव्हता, आणि हे त्यांनी गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. भजनाला त्या का जात नव्हत्या हेही मग कळलं. भजनाची वेळ तीच होती, आणि त्या रोज फोनजवळ बसून असायच्या.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली लिहिलेल्या समुपदेशनाच्या अटी तू परीक्षेत लिहिल्या असशील: समानुभूती, विनाअट स्वीकार, स्वतःशी प्रामाणिक राहणं. मीही लिहिल्या होत्या, चांगले मार्क पडले होते. त्या समासातल्या ‘कधी?’ने मला पहिली अट समजली. तुम्ही सगळं इंग्रजीत शिकता. लो मूड, अँक्झायटी, लोनलीनेस. आणि आपल्या आज्या येऊन म्हणतात काळजात धस्स होतं, जिवाला घोर लागलाय, माका काय सुचणा नाय, उलघाल होते. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे. हुरहूर आणि धाकधूक एक नव्हे. तू मालवणी बोलतेस, हे तुझ्या वर्गातल्या पन्नास जणांकडे नसलेलं भांडवल आहे, आणि मला भीती आहे की सेशनमध्ये तू ते बाजूला ठेवून प्रमाण मराठी बोलतेस. मी तसंच करायचे, समोरच्याला आपण शिकलेले वाटावं म्हणून. एक छोटी वही कर. क्लायंटचं नाव न लिहिता, फक्त ते त्रासाला कोणता शब्द वापरतात तो लिही. वर्षभरात तुझी वही तुझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा जाड होईल.

आता तुझं रडणं. सुपरव्हायझरनी ‘ऐकलंच नाहीस’ म्हणताना कुठलं वाक्य दाखवलं का? दाखवलं नसेल तर पुढच्या भेटीत आपणहून विचार: ‘मॅडम, कुठल्या ओळीपासून मी ऐकायची थांबले?’ त्या सांगतील. चांगले सुपरव्हायझर हाच प्रश्न येण्याची वाट बघत असतात. त्यांनी तरीही नुसतंच झापलं, तर विभागात दुसऱ्या कुणाकडे बदलून मागायचा तुला हक्क आहे, तो वापर. त्या आजींचं आयुष्य त्या रात्री तुझ्या उशीपर्यंत आलं असेल, तर ते स्वतःच्या समुपदेशकाकडे घेऊन जा. इंटर्नशिपच्या वर्षात बहुतेकजण कुणाकडे तरी जातात. मी अजूनही जाते.

जमणार नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. ‘सगळं बरोबर केलं’ असं वाटलं होतं, आणि तरी त्याच पानांवर तू पुन्हा विचार करते आहेस.

आणि त्या पानांचं. ती मी वाचली नाहीत, कारण ती ना माझी आहेत ना तुझी. आजींनी तुझ्याशी बोलायला संमती दिली, मासिकाच्या सदरात लिहिणाऱ्या बाईशी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे, आणि तू पाठवलेल्या पानावर वरच रुग्णालयाचा केस नंबर आहे. तुझ्या हातून झालं ते मदतीच्या घाईत झालं. ही पानं फक्त तुझ्या सुपरव्हायझरना दाखवायची, नंबर खोडून. पाकीट चिकटवून काल तुझ्या वसतिगृहाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने परत पाठवलं आहे. पोचलं की एका ओळीचं पोस्टकार्ड टाक.